नासाग्रसनीचा कर्करोग आणि विषाणू : वैद्य व औषधी-विक्रेत्यांसाठी काही विचार

गळ्याचा कर्करोग म्हटला की महाराष्ट्रातील वैद्याच्या डोळ्यांसमोर प्रथम तंबाखू, मिश्री, गुटखा व बिडी येते, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडील मुख व गलप्रदेशीच्या अर्बुदांचा फार मोठा हिस्सा या व्यसनांच्याच पदरी जातो. परंतु ज्याने कधी तंबाखूला स्पर्श केला नाही, मद्य घेतले नाही, अशा रुग्णाच्या गळ्यातही दुष्ट अर्बुद आढळते, तेव्हा हेतूचा शोध अन्यत्र घ्यावा लागतो. अशा काही विरळा व्याधींमध्ये विषाणूचा सहभाग आता निर्विवाद मानला जातो. त्यांपैकी नासाग्रसनीचा, म्हणजे नाकाच्या मागे व पडजिभेच्या वर असलेल्या पोकळीतील कर्करोग, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे. हा विषय आम्ही का निवडला, हे सांगण्यासाठी एका रुग्णाची हकीकत प्रथम नमूद करणे आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयात अडतीस वर्षांचा एक गृहस्थ आला. मूळचा नागालँडचा, उपजीविकेसाठी पुण्यात, एका उपाहारगृहात आचारी. उजव्या कानात पाणी शिरल्यासारखे वाटते, कमी ऐकू येते, नाक एका बाजूने चोंदते, अशी तक्रार. सकाळी खाकरल्यावर कफात कधी कधी रक्ताची रेघ दिसते, हेही त्याने सांगितले होते. आम्ही ते लिहूनही घेतले होते. मानेत उजव्या बाजूस, जबड्याच्या कोनाखाली किंचित मागे, सुपारीएवढी ग्रंथी होती. वेदना नाही, ज्वर नाही. आम्ही दुष्ट प्रतिश्याय व अपची असे निदान करून अणुतैलाचे नस्य, लक्ष्मीविलास व कांचनार गुग्गुळ सुरू केले. दोन आठवड्यांनी कान हलका वाटतो असे तो म्हणाला, त्यामुळे आमचाही विश्वास वाढला. दहाव्या आठवड्यात ग्रंथी लिंबाएवढी झाली आणि डाव्या बाजूसही लहान ग्रंथी हाताला लागू लागली. तेव्हा कोठे आम्ही त्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. दुर्बिणीने पाहता नासाग्रसनीच्या उजव्या खळग्यात मांसांकुर दिसला. त्याच्या तुकड्याची तपासणी होऊन कर्करोग निश्चित झाला व त्या पेशींत एपस्टीन-बार विषाणूच्या खुणा सापडल्या.

ती दहा आठवडे आमची होती. रुग्णाने काहीही लपविले नव्हते. या चुकीची जबाबदारी आम्ही घेतो व तीच या लेखामागची प्रेरणा होय.

हा विषाणू कसा सापडला

युगांडात काम करणारे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये तेथील बालकांच्या जबड्यात होणाऱ्या एका विलक्षण अर्बुदाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये लंडन येथे त्यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एपस्टीन हे संशोधक होते. या अर्बुदाचे कारण विषाणू असावा असे त्यांच्या मनाने घेतले व युगांडाहून विमानाने अर्बुदाचे तुकडे मागविण्यास त्यांनी सुरुवात केली. बराच काळ काहीच हाती लागले नाही. पुढे एकदा धुक्यामुळे विमान अन्यत्र वळवावे लागले व नमुना उशिरा पोहोचला. त्यातील द्रव गढूळ झाला होता. नमुना नासला असे समजून कोणीही तो टाकून दिला असता. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तो गढूळपणा सुट्या झालेल्या जिवंत अर्बुदपेशींचा निघाला. त्या पेशी वाढविण्यात आल्या आणि १९६४ मध्ये एपस्टीन, बर्ट अचोंग व इव्होन बार यांनी त्यांतील विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविला. मानवी कर्करोगाशी संबंध जुळलेला हा पहिला विषाणू.

दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, लॉइड ओल्ड यांच्या गटास नासाग्रसनी कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातही या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. १९७० मध्ये हाराल्ड झुर हाउझेन व सहकाऱ्यांनी अर्बुदाच्या ऊतीतच विषाणूचा डीएनए दाखविला. (हेच झुर हाउझेन पुढे मानवी पॅपिलोमा विषाणूवरील कार्यासाठी २००८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.) मधल्या काळात फिलाडेल्फियातील हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञ महिलेस गाठी, घसा व ज्वर असा आजार झाला. पूर्वी तिच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे नव्हती, आजारानंतर ती दिसली. अशा रीतीने तरुणांत होणाऱ्या 'ग्रंथिज्वरा'चे कारणही हाच विषाणू आहे हे १९६८ मध्ये पुढे आले.

सर्वांस संसर्ग, मोजक्यांस व्याधी

येथे वैद्याच्या मनात स्वाभाविक शंका येते. हा विषाणू लाळेतून पसरतो व जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. बहुतेकांस तो बालपणीच, कोणतेही लक्षण न दाखविता होतो आणि रक्तातील 'बी' लसिकापेशींत आजन्म सुप्त राहतो. मग प्रत्येकास कर्करोग का होत नाही? आणि होत नसेल तर त्यास हेतू म्हणावे तरी कसे?

आमच्या मते या शंकेचे उत्तर समजण्यास आपल्या निदानशास्त्रातील हेतूंचे वर्गीकरण फार उपयोगी पडते. सन्निकृष्ट, विप्रकृष्ट, व्यभिचारी व प्राधानिक असे चार हेतू आपण महाविद्यालयात पाठ केले. व्यभिचारी हेतू म्हणजे जो दुर्बल असल्याने एकटा व्याधी उत्पन्न करू शकत नाही, परंतु अनुकूल भूमी मिळाल्यास करतो. हा विषाणू तसा आहे. भूमी तयार करणारे इतर हेतू निराळेच आहेत. मात्र आपल्या ग्रंथकारांस विषाणू ठाऊक होते असा अर्थ यातून कोणी काढू नये. सुश्रुताचार्यांनी संसर्गाने पसरणाऱ्या औपसर्गिक रोगांची गणना केली आहे, पण त्यांत अर्बुद नाही. संज्ञा विचारास साहाय्य करते तेवढीच घ्यावी.

आता भूमीविषयी. २०२० मध्ये जगात या कर्करोगाचे सुमारे १,३३,००० नवे रुग्ण नोंदले गेले, म्हणजे एकूण कर्करोगांच्या मानाने हा विरळाच. पण त्यांतील फार मोठा भाग दक्षिण चीन व आग्नेय आशियातील. ग्वांगडाँग प्रांतातील कँटनी लोकांत तो इतका आढळतो की त्यास 'कँटनचा अर्बुद' असे नावच पडले होते. उत्तर आफ्रिका व उत्तर ध्रुवाजवळील इन्युइट लोकांतही प्रमाण अधिक. भारतात बहुतेक राज्यांत तो दुर्मीळ, परंतु नागालँड, मणिपूर व मिझोराम येथे लक्षणीय, आणि त्यांतही नागालँडमध्ये देशात सर्वाधिक.

या लोकसमूहांत काही आनुवंशिक प्रवृत्ती आहे, विशेषतः एचएलए जनुकांच्या भागात. त्यास आहाराची जोड मिळते. कँटनी पद्धतीने खारविलेल्या माशात नायट्रोसामाइन वर्गातील द्रव्ये असतात आणि तो बालपणापासून, दूध तोडण्याच्या वयापासून भरविण्याची चाल होती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये हा मासा निश्चित कर्कजनक म्हणून वर्गीकृत केला व १९९७ मध्ये एपस्टीन-बार विषाणूसही त्याच वर्गात घातले. ईशान्य भारतात चुलीवर टांगून धुराने टिकविलेले मांस व धुराडे नसलेली स्वयंपाकघरे यांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आहे. आमचा रुग्णही अशाच घरात वाढलेला होता, हे आम्ही निदान झाल्यावर विचारले. आधी विचारावयास हवे होते. देश व सात्म्य यांची परीक्षा आपल्या शास्त्रात उगीच सांगितलेली नाही.

पेशीत काय घडते याचा क्रम आता बराच उलगडला आहे. प्रथम नासाग्रसनीच्या आवरणपेशींत काही गुणसूत्रखंडांचा ऱ्हास होतो व पेशीवाढीस आवर घालणारी जनुके निकामी होतात. अशी बिघडलेली पेशी विषाणूच्या सुप्त संसर्गास आधार देते. मग विषाणूची एलएमपी-१ सारखी प्रथिने त्या पेशीस वाढीचा सतत आदेश देतात व मृत्यूपासून वाचवितात. एका अर्बुदातील सर्व पेशींत विषाणूचा डीएनए एकाच ठशाचा असतो, असे १९८६ मध्ये दाखविले गेले. याचा अर्थ असा की संसर्ग आधी झाला व त्या एका पेशीपासून अर्बुद वाढले. अर्बुद झाल्यावर विषाणू योगायोगाने आत शिरला असता तर हे ठसे निरनिराळे दिसले असते. विषाणू केवळ साक्षीदार नसून सहभागी आहे, याचा हा फार मोलाचा पुरावा होय.

जयपालाचा प्रश्न

यापुढील भाग आमच्या औषधनिर्मात्या व विक्रेत्या मित्रांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. सुप्त विषाणूस जागे करणारी काही वनस्पतिज द्रव्ये आहेत आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध द्रव्य आपल्या जयपालाच्या तेलात आहे.

जयपालतेल मूषकाच्या त्वचेवर वारंवार लावल्यास, आधी अल्प कर्कजनक लावलेले असेल तर, अर्बुदे उत्पन्न होतात, हे १९४० च्या दशकापासून ज्ञात आहे. त्यातील कार्यकारी द्रव्य फॉरबॉल-एस्टर, संक्षेपाने टीपीए. १९७८ मध्ये असे दिसले की संवर्धित पेशींवर टीपीए घातल्यास त्यांत सुप्त असलेला एपस्टीन-बार विषाणू पुन्हा वाढू लागतो. आजही प्रयोगशाळेत विषाणू जागा करण्यासाठी हेच द्रव्य वापरतात. त्यानंतर जपानचे इतो व चीनचे झेंग यी यांनी स्नुही, जयपाल यांच्या एरंडकुलातील अनेक वनस्पतींत असाच गुण दाखविला. चीनमध्येही जयपाल हे जुने औषध आहे. दंतीतही याच वर्गातील द्रव्ये आढळतात.

याचा अर्थ जयपालकल्पांनी कर्करोग होतो असा कोणी करू नये. पेशींतील प्रयोग व माणसातील व्याधी यांत मोठे अंतर असते. वनौषधींचे सेवन व हा कर्करोग यांचा संबंध आशियातील काही अभ्यासांत दिसला, काहींत दिसला नाही. परंतु 'आमच्या औषधांत काहीच अपाय नाही' हे वाक्य ज्यांच्या तोंडी सतत असते त्यांनी एवढे जाणावे की जयपाल, दंती व स्नुही ही तिन्ही द्रव्ये औषध व सौंदर्यप्रसाधन नियमावलीच्या अनुसूची ई-१ मध्ये विषद्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत व त्यांचे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावेत अशी सूचना वेष्टनावर बंधनकारक आहे.

शोधनाकडेही या दृष्टीने पाहावे. जिव्हा काढून दुधात दोलायंत्राने स्वेदन व नंतर तापल्या खापरीवर वा कागदात दाबून तेल शोषून घेणे, हा क्रम केवळ रेचनाची तीव्रता कमी करण्यासाठी आहे असे आपण मानत आलो. फॉरबॉल-एस्टर स्नेहात विरघळतात, म्हणून तेल काढणे हाच त्या क्रियेचा गाभा ठरतो. तेल न काढता केवळ दूध उकळून 'शुद्ध' म्हणून विकला जाणारा जयपाल आम्ही पाहिला आहे. बी कागदात दाबून डाग पाहणे ही साधी परीक्षा कोणत्याही दुकानदारास जमण्यासारखी आहे. इच्छाभेदी, अश्वकंचुकी, जलोदरारि हे कल्प ग्राहकाने 'पोट साफ होत नाही' म्हणताच काउंटरवरून देणे आम्हास सर्वथा अनुचित वाटते. ज्याच्या मानेत न दुखणारी ग्रंथी आहे वा जो ईशान्येकडील प्रदेशातील आहे, त्यास तर हे कल्प दीर्घकाळ देऊच नयेत. पुराव्याची वाट न पाहता हे पथ्य पाळता येते, कारण त्रिवृत्, आरग्वध, हरीतकी हाताशी आहेतच.

केव्हा संशय घ्यावा

या व्याधीची पहिली खूण बहुधा मानेतील वेदनारहित ग्रंथी असते. ती एका बाजूस, कानाच्या पाळीखाली व जरा मागे. दुसरी खूण प्रौढात एकाच कानात दडा बसणे. बालकाच्या कानात पडद्यामागे पाणी साचणे सामान्य आहे, परंतु प्रौढात, सर्दी ओसरूनही, एका बाजूस ते टिकले तर नासाग्रसनी पाहिल्याशिवाय कर्णनाद वा बाधिर्य म्हणून चिकित्सा करू नये. तिसरी खूण सकाळी घशात उतरणारा रक्तमिश्रित स्राव. रक्तपित्त म्हणून वासा देऊन आपण मोकळे होतो. पुढे वस्तू दोन दिसणे, गालास बधिरता, एका बाजूची डोकेदुखी, जबडा न उघडणे ही लक्षणे येतात तेव्हा अर्बुद कवटीच्या तळापर्यंत पोहोचलेले असण्याची शक्यता असते. कमी प्रमाण असलेल्या प्रदेशांत किशोरवयीन रुग्णही आढळतात, म्हणून वयावरून निश्चिंत होऊ नये.

ग्रंथी दिसली की क्षय समजून औषधे सुरू करण्याची पद्धत आपल्या आधुनिक बंधूंतही आहे, आणि क्षय खरोखरच अधिक आढळतो. पण सुईने घेतलेल्या पेशींची तपासणी स्वस्त व सोपी आहे. ती न करता कांचनार गुग्गुळ वा क्षयाची औषधे महिनोन्‌महिने देणे या दोन्ही गोष्टी सारख्याच दोषास्पद. ग्रंथी कापून तपासण्यापूर्वी दुर्बिणीने नासाग्रसनी पाहून घेतली जावी, असेही आम्ही रुग्ण पाठविताना चिठ्ठीत लिहितो. शालाक्यतंत्राच्या पाठात लहान आरशाने पश्चनासा पाहण्यास आपण सर्वांनी शिकले आहे. परंतु ते दृश्य अर्बुद लपलेल्या खळग्यापर्यंत नेहमी पोहोचत नाही, म्हणून आरशात काही दिसले नाही एवढ्यावर विसंबू नये.

एक गोष्ट येथेच सांगतो. 'ईबीव्ही आयजीजी पॉझिटिव्ह' असा अहवाल घेऊन घाबरलेले रुग्ण येतात. तो अहवाल बहुतेक प्रत्येक प्रौढाचा तसाच येईल. त्यास अर्थ नाही. हाँगकाँग येथे मात्र रक्तरसातील विषाणूच्या डीएनएचा चाळणी-परीक्षेसाठी उपयोग झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लक्षणे नसलेल्या २०,१७४ पुरुषांची तपासणी झाली. ३०९ जणांत डीएनए पुनःपुन्हा आढळला व पुढील तपासणीत ३४ जणांस कर्करोग निघाला. त्यांतील ७१ टक्के रुग्ण पहिल्या दोन अवस्थांतच सापडले. चाळणी नसताना हेच प्रमाण तेथे २० टक्के होते. जेथे व्याधी विरळा, तेथे अशी सरसकट चाळणी परवडणारी नाही. महाराष्ट्रात वैद्याचा संशय हीच चाळणी.

दुसरा विषाणू

टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणू, विशेषतः १६ क्रमांकाचा प्रकार, कारणीभूत होतो. अमेरिका व उत्तर युरोपात तेथील बहुसंख्य रुग्ण आता या प्रकारचे आहेत. भारतात त्यांचे प्रमाण कमी, तंबाखूचा भार अधिक. हे रुग्ण बहुधा निर्व्यसनी असतात व चिकित्सेस चांगला प्रतिसाद देतात. यासाठी प्रतिबंधक लस आहे. पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून उपलब्ध झाली व ती मुलगे आणि मुली दोघांनाही देता येते. एपस्टीन-बार विषाणूसाठी अशी लस अद्याप बाजारात नाही.

चिकित्सेत आपले स्थान

नासाग्रसनीचे अर्बुद किरणोपचारास अत्यंत संवेदनशील आहे. पहिल्या अवस्थेत केवळ किरणोपचाराने दहातील नऊ रुग्ण पाच वर्षांपलीकडे जातात. पुढील अवस्थांत सिस्प्लॅटिनादि रसायनोपचार जोडतात व तरीही अनेक रुग्ण बरे होतात. ज्या कर्करोगात आधुनिक चिकित्सा इतकी यशस्वी आहे, तेथे रुग्णास वनौषधींवर थांबवून ठेवणे हा आम्ही अपराध मानतो. कर्करोगाच्या औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने निषिद्ध आहे, हेही विक्रेत्यांनी ध्यानी ठेवावे.

किरणोपचाराच्या काळात मात्र आपल्याला कार्य आहे, आणि ते रुग्णास फार हवेसे असते. मुखपाक इतका तीव्र होतो की पाणीही गिळवत नाही. कवल-गंडूषांचा येथे उपयोग होतो. मधावर तर आधुनिक चाचण्याही झाल्या आहेत. आम्ही शतधौत घृत ओठांस, साध्या घृताचा गंडूष व मधाचा प्रतिसारणासाठी वापर करतो, तोही किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांस कळवून. पोटातून औषधे देताना सावध असावे. सिस्प्लॅटिन वृक्कास अपायकारक आहे, म्हणून त्या काळात धातुयुक्त रसौषधी आम्ही पूर्ण बंद ठेवतो. यष्टिमधु निरुपद्रवी समजले जाते, परंतु मोठ्या मात्रेत पोटात दिल्यास रक्तातील पोटॅशियम घटविते, आणि सिस्प्लॅटिनही क्षारांचे संतुलन बिघडविते. दोन्ही एकत्र नकोत. किडके दात किरणोपचारापूर्वीच काढून घ्यावे लागतात, हे रुग्णास सांगणारा बहुधा वैद्यच असतो.

आमच्या रुग्णाची चिकित्सा तिसऱ्या अवस्थेत सुरू झाली. पस्तीस दिवस किरणोपचार, सोबत रसायनोपचार. तो आज जिवंत आहे व गावी परतला आहे. तोंड सतत कोरडे पडते, म्हणून घास पाण्यासोबत गिळतो. उजव्या कानाने ऐकू येत नाही. मागील वर्षी तपासणीसाठी आला असता सोबत धाकट्या भावास घेऊन आला होता. त्याच्या मानेवरून आम्ही हात फिरविला, दोन्ही कान पाहिले व कोणतीही तक्रार नसतानाही त्यास दुर्बिणीच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली.